डोळ्यातल्या पाण्याची साक्ष

पावसाळ्यात ओढ्याला तांबडे पाणी आले, की वर कुणाच्या रानाची माती वाहिली हे जाणता शेतकरी काठावरूनच सांगतो. त्यासाठी त्याला डोंगर चढावा लागत नाही. श्रोतेहो, हीच युक्ती डॉक्टरांनी लहान मुलांच्या एका कर्करोगासाठी योजली आहे.

रेटिनोब्लास्टोमा हा डोळ्यातल्या पडद्याचा कर्करोग. पंधरा ते वीस हजार मुलांमागे एकाला, तोही बहुधा पाच वर्षांच्या आत होतो. बाहुलीत मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमक दिसते, किंवा डोळा तिरळा होतो. दृष्ट लागली म्हणून मीठमोहऱ्या ओवाळण्यात महिने घालवले, तर मूलच हातचे जाते. वेळेवर नेले, तर बहुतेक मुले वाचतात.

आता अडचण पाहा. इतर गाठींचा तुकडा काढून तपासतात. इथे गाठीला सुई लावली, तर त्या वाटेने रोग डोळ्याबाहेर पसरू शकतो. म्हणून गाठीची आतली हकीकत कळायची ती डोळा काढल्यावरच. म्हणजे घर जळाल्यावर आगीचे कारण!

ही हकीकत हवी कशाला? पेशीच्या वाढीला जणू दोन कासरे असतात: एका जनुकाची एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून. दोन्ही तुटले, की पेशी उधळते. अमेरिकेतल्या डॉ. आल्फ्रेड नडसन यांनी १९७१ साली अठ्ठेचाळीस रुग्णांच्या नोंदी मांडून, निव्वळ हिशेबाने हे ताडले. ते जनुक प्रत्यक्ष हाती आले १९८६ साली. काही मुलांत एक कासरा जन्मापासूनच, अंगातल्या प्रत्येक पेशीत तुटलेला असतो. अशांना पुष्कळदा दोन्ही डोळ्यांत गाठी येतात, आणि पुढे त्यांच्या मुलांनाही धोका असतो. बाकीच्यांत दोन्ही कासरे पडद्यातल्या एखाद्याच पेशीत तुटतात. तिथे रक्त निर्दोष निघते. दोष सापडतो फक्त गाठीत.

बुबुळाच्या पुढे जे स्वच्छ पाणी असते (अश्रू नव्हेत बरं का, हे आतले पाणी), ते सतत झरते आणि निचरून जाते. स्वित्झर्लंडमधल्या डॉ. फ्रान्सिस म्युनिए यांनी डोळ्यात औषध टोचण्याची सुरक्षित रीत २०१२ च्या सुमारास मांडली. तीत आतला दाब उतरावा म्हणून आधी यातले थोडे पाणी काढून घेतात. गाठ मागे आणि सुई पुढे, त्यामुळे गाठीला धक्का लागत नाही. लॉस एंजेलिसच्या डॉ. जेसी बेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली तीन डोळ्यांतले असे सहा नमुने तपासले. थेंब-दोन थेंबांचे काम, पण त्यात गाठीच्या मेलेल्या पेशींतून सुटलेले डीएनएचे तुकडे सापडले. ओढ्यातली मातीच म्हणा ना!

पुढच्या तपासण्यांत दिसले, की त्या पाण्यात सहाव्या गुणसूत्राचा एक भाग जादा आढळला, तर तो डोळा वाचणे अवघड जाते. डोळा राखण्यासाठी किती झुंजायचे, हे ठरवायला आईबापांना आणि डॉक्टरांना याचा आधार होतो. शिवाय गाठीतला नेमका दोष कळला, की तोच मुलाच्या रक्तात शोधता येतो. रक्तात सापडला, तर धाकट्या भावंडांचीही तपासणी करता येते.

ही परीक्षा अजून मोजक्या केंद्रांतच होते. गावातल्या बाळासाठी पहिली पायरी जुनीच आहे: बाहुली मोठी करणारे थेंब घालून नेत्रतज्ज्ञाने आतला पडदा पाहणे.