कोरं विमान आधी कोण उडवतं?

धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने नाशिकला निघालं की वाटेत ओझर लागतं. तिथल्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात आधी मिग-२१ बनली, पुढे सुखोई-३०. कोरं विमान आधी उडवतो तो चाचणी वैमानिक; अंतराळातून परतलेले राकेश शर्माही इथे चाचणी वैमानिक होते. हवाई दलाची स्वतःची चाचणी संस्था मात्र बंगळूरूला. तिचं मूळ कानपूरच्या १९५७ सालच्या तुकडीत. चाचणी म्हणजे आकाशातल्या कसरती नव्हेत. मांडीला बांधलेल्या कार्डावर क्रम लिहिलेला असतो. वेग एकेक पायरीने वाढवायचा, दर पायरीला पंखांची थरथर मोजायची. जास्त वाटली, की मुकाट्याने खाली उतरायचं. खरं तर हे काम धाडसी वीरापेक्षा चोख हिशेबनिसाचं. वैमानिक आणि चाचणी अभियंते, दोघंही बंगळूरूच्या त्या संस्थेतल्याच शाळेत घडतात.