घोड्याच्या सांध्याची जखम : पहिला दिवस मोलाचा

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. १९९८ साली धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यातले हे गाव घोडेबाजारासाठी प्रसिद्ध आहे. गाडीतून उतरवताना किंवा काटेरी तारेत अडकून घोड्याच्या पायाला जखम होते. घोड्यावर उपचार पशुवैद्यकानेच करावेत. पण धोका कसा ओळखावा, हे मालकाला ठाऊक हवे.

घोड्याच्या गुडघ्याखाली मांस जवळजवळ नसते. कातडीखाली लगेच शिरा, हाड आणि सांधा. त्यामुळे लहानशी जखमही सांध्यापर्यंत पोचते. जखमेतून पिवळसर, चिकट पाणी येत असेल तर सांधा उघडा पडला असे समजावे. हे सांध्याचे वंगण होय. आत जंतू शिरले की पू होतो आणि हाडांच्या टोकांवरची कूर्चा नष्ट होते. ती पुन्हा पूर्वीसारखी होत नाही.

येथे एक फसगत होते. जखम वाहती असेपर्यंत आतला दाब निघून जातो, घोडा फारसा लंगडत नाही. तोंड बंद झाले की तो पाय टेकेनासा होतो. एक्स-रेवरही विसंबू नये. हाडातील बिघाड त्यात दिसायला साधारण दोन आठवडे लागतात.

पशुवैद्यक सुईने सांध्यातले पाणी काढून तपासतात. मग भूल देऊन कित्येक लिटर निर्जंतुक सलाईनने सांधा धुतात आणि अँटिबायोटिक शिरेतून व सांध्यातही देतात. हाडाचा तुकडा मेला असल्यास तो काढावा लागतो. नुसत्या इंजेक्शनांनी भागत नाही. हे सारे पहिल्या २४ तासांत झाले तर घोडा पुन्हा चालण्याची आशा चांगली असते.

तोवर जखमेवर स्वच्छ फडके बांधा. हळद, राख, शेण, रॉकेल लावू नका. घोड्याला धनुर्वात चटकन होतो, म्हणून त्याची लस चुकवू नका. नवजात शिंगराची नाळ स्वच्छ ठेवा; तेथून जंतू रक्तावाटे सांध्यात जातात. ताप आणि सुजलेला सांधा दिसताच दवाखाना गाठा.

माणसांचेही असेच आहे. मुलाला ताप आहे, गुडघा सुजला आहे आणि ते पाय टेकत नाही, तर मुरगळला म्हणून चोळत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालयात न्या. उशिराची किंमत त्याला जन्मभर मोजावी लागते.