सैनिकी गुंडी : एक उपेक्षित ऐतिहासिक साधन

इंग्लंडमधील शेतांत धातुशोधक यंत्राने सापडणाऱ्या जुन्या सैनिकी गुंड्या हे इतिहासाचे उपेक्षित साधन होय. ब्रिटिश पायदळात १७६७ च्या आदेशानुसार गुंडीवर पलटणीचा क्रमांक येऊ लागला. १८७१ मध्ये सामान्य सैनिकांसाठी राजचिन्हांकित समान गुंडी आली. सैनिकांच्या कथील-मिश्रधातूच्या गुंड्या १८५५ पासून पितळी झाल्या. त्यामुळे गुंडीवरून पलटण व काळ यांचा अंदाज बांधता येतो. मात्र ती तेथे कशी आली, हे स्थाननोंदीवरूनच उमगते. एकाच जागी दाटलेल्या गुंड्या छावणी सुचवू शकतात. शेतभर विखुरलेल्या गुंड्या खत म्हणून टाकलेल्या गणवेशांच्या लोकरी चिंध्यांतून आलेल्या असू शकतात. १९९६ चा निधी कायदा सुट्या गुंडीस सहसा लागू होत नाही. म्हणूनच नोंदीविना उचललेली गुंडी संग्रहात उरते, पण तिची साक्ष कायमची नष्ट होते.