पापणीवरचा रंग : छटा नंतर, लेबल आधी

पूर्वी डोळ्यांचा शृंगार काजळापुरता असे. आता शिक्षिका, नोकरदार भगिनी रोज पापणीवर बदामी, तपकिरी आयशॅडो लावतात. ‘डॉक्टर, कोणते पॅलेट चांगले?’ असे मला विचारले जाते. बहुधा पापण्या सुजल्यावर!

तपकिरी छटा बहुतेक लोहाच्या ऑक्साइडच्या, म्हणजे गेरूच्या जातीच्या. त्यामुळे छटांपेक्षा प्रकार पाहावा. रोजसाठी बिनचमकीची, म्हणजे मॅट पूड बरी. चकाकीचे जाड कण डोळ्यात गेल्यास बुबुळावर ओरखडा उठू शकतो. क्रीमच्या डबीत ओलाव्यामुळे जंतू लवकर वाढतात. ती कोरड्या पुडीपेक्षा लवकर बदलावी.

पापणीची त्वचा साऱ्या शरीरात पातळ, म्हणून ॲलर्जी तेथे चटकन दिसते. डबीवर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि अंतिम तारीख हवीच. जत्रेतील बिनलेबलाची डबी स्वस्त असली तरी घेऊ नये. नवी पूड कोपराच्या आतील बाजूस लावून दोन दिवस पाहावी.

आणखी काही पथ्ये :

* डबी व ब्रश मैत्रिणीला, बहिणीलाही देऊ नये.
* डोळे आले असता रंग बंद ठेवावा. त्या वेळी वापरलेली डबी टाकून द्यावी.
* झोपण्यापूर्वी पापण्या स्वच्छ कराव्यात.

डोळा दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा अंधुक दिसू लागले, तर घरातले जुने थेंब घालू नयेत. त्यात स्टेरॉइड असल्यास जंतुसंसर्ग बळावतो. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.