पाण्यात श्वास रोखू नका, सोडा

‘‘काकू, श्वास घेता येत नाही असं तुम्हाला वाटतंय. पण तुम्ही तो सोडतच नाही आहात!’’

गेल्या मार्चमध्ये, वयाच्या 53व्या वर्षी, नगरपालिकेच्या तलावावर शिकाऊ महिलांच्या बॅचमध्ये मला हे ऐकावं लागलं. सांगणारी प्रशिक्षक माझ्या मुलीच्या वयाची. मी सरकारी रुग्णालयात फिजिशियन आहे हे तिला ठाऊक नव्हतं आणि त्या दिवशी मीही सांगितलं नाही. दम्याच्या आणि सीओपीडीच्या रुग्णांना गेली 25 वर्षं मी हेच सांगत आले आहे, ‘‘घाई करू नका, आधी श्वास पूर्ण सोडा.’’

गुडघे कुरकुरायला लागले म्हणून अस्थिरोग विभागातल्या सहकाऱ्यांनी पोहायला सुचवलं होतं. लहानपणी आमच्या गावी मुलगे पाठीला डबा बांधून विहिरीत उड्या मारायचे. आम्ही मुली काठावर बसून बघायचो. त्यामुळे माझी सुरुवात अगदी शून्यापासून होती. छातीभर पाण्यात उभं राहून कठड्याची दांडी धरली, छाती भरून हवा घेतली, गाल फुगवले, डोळे घट्ट मिटले आणि तोंड पाण्यात घातलं. सात-आठ सेकंदांत घुसमट झाली. डोकं वर काढून घाईने श्वास घेतला, पुन्हा खाली. पाचव्या खेपेला इतका दम लागला, की मी दांडीला लटकूनच राहिले. पोहणं राहिलं बाजूला, मी एका जागी उभी होते!

घुसमट कशामुळे होते?

शरीरातला ऑक्सिजन संपत आला की जीव कासावीस होतो, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात निरोगी माणसाला श्वास घ्यायला भाग पाडतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. हॉल्डेन आणि प्रिस्टले या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी 1905 मध्येच हे दाखवून दिलं. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब साधारण 40 मिलिमीटर असतो. तो थोडासा वाढला, तरी मेंदूच्या तळाशी असलेलं श्वसनकेंद्र आरडाओरडा सुरू करतं.

याची प्रचिती घरी खुर्चीत बसून घेता येते. कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात असेल, तो बोटाला लावा आणि नेहमीसारखा एक श्वास घेऊन रोखून धरा. (हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर हा प्रयोग करू नका.) 30-40 सेकंदांत जीव घाबरा होतो, पण यंत्रावरचा आकडा बहुधा 97-98च असतो. यंत्र बदल थोड्या उशिरा दाखवतं हे धरूनही, ऑक्सिजन संपलेला नसतो.

मग मी सात-आठ सेकंदांत का घुसमटले? कारण मी भरलेल्या छातीवर आणखी हवा भरू पाहत होते. आत जागाच नव्हती. अशा वेळी वरच्यावर घेतलेले छोटे श्वास फारसे कामाला येत नाहीत. एरवी आपण एका श्वासात सुमारे 500 मिलिलिटर हवा घेतो. त्यातली 150 मिलिलिटरच्या आसपास हवा श्वासनलिकांतच राहते, रक्तापर्यंत पोचत नाही. श्वास 200 मिलिलिटरचा झाला, तर उपयोगी हवा उरते जेमतेम 50. कार्बन डायऑक्साइड साचत जातो आणि भीती वाढते. भीतीने स्नायू आखडतात, ते आणखी कार्बन डायऑक्साइड तयार करतात. नवशिक्याची दमछाक होते ती या चक्रात सापडल्यामुळे. छाती कमकुवत असते म्हणून नव्हे.

आणखी एक गोष्ट. गळ्याइतक्या पाण्यात उभं राहिलं की छातीवर आवळल्यासारखं वाटतं. तो भास नसतो. पाण्याच्या दाबामुळे पायांतलं आणि पोटातलं सुमारे 700 मिलिलिटर रक्त छातीकडे सरकतं, श्वास घ्यायला थोडा जास्त जोर लागतो. निरोगी माणसाला त्याने अपाय होत नाही. हे आधीच माहीत असलं तर पहिल्या दिवसाची निम्मी भीती कमी होते.

आधी सोडायला शिका

आमच्या प्रशिक्षक मुलीने पुढचे आठ दिवस मला हातपाय हलवूच दिले नाहीत. फक्त बुडबुडे. तिची पद्धत शरीरशास्त्राला धरून होती, म्हणून ती इथे सांगते.

कमरेएवढ्या किंवा छातीएवढ्या पाण्यात कठडा धरून उभं राहा. तोंडाने नेहमीसारखा श्वास घ्या, छाती फुगवून नको. चेहरा पाण्यात घाला आणि लगेच नाकाने हळूहळू बुडबुडे सोडायला लागा. जमत नसेल तर तोंड मिटून ‘हं’ असा सूर धरा, हवा आपोआप नाकातून बाहेर पडते. नाकातून हवा बाहेर येत असेपर्यंत पाणी आत शिरत नाही, त्यामुळे नाकात झोंबणंही थांबतं. मनात चारपर्यंत मोजा, उरलेली हवा डोकं वर काढता काढता तोंडाने फुंकरीसारखी सोडा. आता छातीत जागा झालेली असते, पुढचा श्वास ओढावा लागत नाही. तो आपसूक येतो.

हे सलग दहा वेळा दम न लागता जमलं की वीस वेळा करा. वीस वेळा जमलं की मगच कठडा सोडून तरंगायला शिका. तरंगताना हवा एकदम सोडू नका; भरलेली फुप्फुसं आपल्याला वर ठेवतात, रिकामी झाली की शरीर खाली जायला लागतं. सुरुवातीला गॉगल वापरायला लाजू नका. डोळे उघडे राहिले, तळाची फरशी दिसत राहिली, की मन बरंच शांत राहतं. कडेला मान वळवून श्वास घेण्याचा धडा त्यानंतरचा. तिथेही नियम तोच: तोंड पाण्याबाहेर यायच्या आत श्वास सोडून झालेला हवा.

चेहऱ्याला पाणी लागून श्वास थांबला की हृदयाचे ठोके मंदावतात. सील आणि बदकांत ही प्रतिक्रिया फार तीव्र असते, आपल्यात ती सौम्य रूपात आहे, थंड पाण्यात जास्त. बहुतेकांना ती जाणवतही नाही. पण हृदयाच्या ठोक्यांचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका. फिट्स येणाऱ्यांनी, दमा आटोक्यात नसलेल्यांनी आणि कानाच्या पडद्याला छिद्र असलेल्यांनीही आधी सल्ला घ्यावा.

पटाईत पोहणारा बुडतो तेव्हा

इथवरची गोष्ट नवशिक्यांची. पण हा लेख लिहायला बसले ती दुसऱ्याच एका आठवणीमुळे.

नोकरीच्या सुरुवातीची वर्षं होती. मे महिन्याच्या एका दुपारी कॅज्युअल्टीत कॉलेजमधला एक मुलगा आणला गेला. विहिरीच्या तळाशी कोण जास्त वेळ बसतो, अशी मित्रांत पैज लागली होती. आम्ही प्रयत्नांची शर्थ केली, पण त्याला वाचवू शकलो नाही. त्याचे वडील एकच प्रश्न विचारत होते, ‘‘डॉक्टर, लहानपणापासून पोहतोय तो. तो बुडेल कसा?’’ मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. मित्रांच्या बोलण्यातला एक तपशील मी लक्षातच घेतला नव्हता. बुडी मारण्याआधी त्याने भराभर दहा-पंधरा दीर्घ श्वास घेतले होते.

अशा श्वासांनी ऑक्सिजनचा साठा वाढतो, हा समज चुकीचा आहे. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन एरवीच 97-98 टक्के भरलेलं असतं, त्यात भर पडायला जागा नसते. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणारा. घंटा उशिरा वाजते. दरम्यान ऑक्सिजन घसरत जातो आणि घुसमट जाणवायच्या आतच शुद्ध हरपते. हातपाय मारणं नाही, हाक नाही. काठावरच्यांना वाटतं, गडी अजून दम धरून आहे. मग बेशुद्धीतच श्वास घेतला जातो आणि पाणी फुप्फुसात जातं. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ अल्बर्ट क्रेग यांनी 1961 मध्येच या अपघातांकडे वैद्यकविश्वाचं लक्ष वेधलं होतं. बळी जातात ते बहुधा चांगले पोहणारे, पैज लावणारे, स्वतःचाच विक्रम मोडू पाहणारे.

म्हणून काही गोष्टी घरातल्या मुलांना स्पष्ट शब्दांत सांगायला हव्यात. पाण्याखाली दम धरण्याची पैज लावायची नाही. बुडी मारण्याआधी भराभर श्वास घ्यायचे नाहीत. भस्त्रिका घरी सतरंजीवर करा, ती करून तलावात बुडी मारू नका. एकट्याने पोहायचं नाही, आणि पाण्याखालचा माणूस अपेक्षेपेक्षा जास्त वेळ शांत दिसला तर वाट न पाहता मदत बोलवायची. पोहता येत नसेल तर स्वतः उडी घेण्यापेक्षा दोर, साडी, बांबू, रिकामा कॅन, हाताला लागेल ते त्याच्याकडे टाका. बाहेर काढल्यावर उलटं धरून गरगर फिरवण्यात किंवा पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नका. श्वास चालू नसेल तर तोंडाने श्वास द्या, छातीवर दाब सुरू करा आणि कुणाला तरी 108 ला फोन करायला सांगा. ऑक्सिजन मिळाला नाही तर मेंदूला चार-पाच मिनिटांतच इजा व्हायला लागते.

आपल्या देशात दरवर्षी 30 हजारांहून अधिक माणसं बुडून मरतात, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी सांगते. त्यातल्या अनेकांना पोहता येत नव्हतं, म्हणून पोहायला शिकायलाच हवं, कोणत्याही वयात. मी गेल्या महिन्यात तलावाची रुंदी न थांबता पार केली. 53व्या वर्षी जे जमत नव्हतं, ते 54व्या वर्षी जमलं. काठावरून प्रशिक्षक मुलगी ओरडत होती, ‘‘सोडा काकू, सोडा!’’

शाळांना सुट्ट्या लागतील. मुलं तलावावर जातील, गावी विहिरीवर जातील. त्यांना अडवू नका. फक्त निघण्याआधी पैजेबद्दल आणि भराभर श्वासांबद्दल त्यांच्याशी पाच मिनिटं बोला. जो चांगला पोहतो, त्याच्याशी आधी बोला.