गृहपाठ कुणाचा?

संध्याकाळी साडेसातच्या सुमारास बेळगावच्या वडगाव-शहापूर भागातील एखाद्या गल्लीतून गेल्यास एक दृश्य हटकून दिसते. बाहेरच्या खोलीत मूल वही घेऊन बसलेले असते. आई भाकऱ्या थापता थापता त्याच्यावर ओरडत असते आणि दिवसभर मागावर राबून आलेले वडील ‘गुरुजी सांगतात ते नीट ऐकत जा’ एवढे बोलून भिंतीला टेकतात. लहानपणीचा गृहपाठ म्हटला की आपल्यापैकी अनेकांना असेच काहीसे आठवेल.

गृहपाठाचे मूळ प्रयोजन वाईट नाही. शिकलेले आपण प्रथम भराभर विसरतो आणि पुढे विसरण्याचा वेग मंदावतो, हे हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच प्रयोगाने दाखवून दिले. तेव्हा थोड्या अंतराने उजळणी हवीच. परंतु उजळणी निराळी आणि ‘धड्याखालील प्रश्नोत्तरे दोनदा लिहून आणा’ हे निराळे. अमेरिकेतील हॅरिस कूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला. गृहपाठ आणि अभ्यासातील प्रगती यांचा संबंध सातवीपासून पुढे अधिक स्पष्ट दिसतो, खालच्या इयत्तांत तो क्षीण आहे, असे त्यांना आढळले.

आपल्याकडेही हा विचार झालेला आहे. म्हैसूरचे कादंबरीकार आर. के. नारायण यांनी १९८९ मध्ये राज्यसभेतील आपल्या पहिल्या भाषणात दप्तराखाली वाकलेल्या मुलांची कैफियत मांडली. पुढे नेमलेल्या प्रा. यशपाल समितीने १९९३ च्या अहवालात, प्राथमिक वर्गांना घरपरिसराच्या शोधाखेरीज गृहपाठ देऊच नये, असे सुचविले. केंद्र सरकारच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणात तर दुसरीपर्यंत गृहपाठ नाही. तिसरी ते पाचवीला आठवड्यास फार तर दोन तास, सहावी ते आठवीला रोज एक तास आणि त्यापुढे रोज दोन तास अशी मर्यादा आहे.

मग घरोघरी ही ओढाताण का? कारण गृहपाठ एक विशिष्ट घर गृहीत धरतो. तेथे बसायला निवांत कोपरा असतो आणि पुस्तकाची भाषा वाचू शकणारे, सवड असलेले वडीलधारे माणूस असते. आपल्या सीमाभागात ही भाषेची अट विशेष जाचक ठरते. मराठी चौथी शिकलेल्या आईला मुलाचा कन्नड धडा वाचता येत नाही. कन्नड घरातील आईची इंग्रजी माध्यमातल्या मुलीपुढे तीच गत होते. ज्यांना परवडते ते शिकवणी लावतात. इतरांची मुले कोरी वही घेऊन शाळेत जातात. उणीव घराची, शिक्षा मात्र मुलाला! वर्गात बरोबरीने शिकलेली दोन मुले दुसऱ्या दिवशी एक ‘हुशार’ आणि एक ‘आळशी’ ठरतात.

याहून खोल नुकसान दिसत नाही. ‘आईला काही येत नाही’ हे मुलाला रोज कळते, आणि आई ओशाळते. दिवसाकाठी एकमेकांशी बोलण्याचा जो तासभर असतो, तो रागावण्यात नि रडण्यात सरतो.

उपाय खर्चाचा नाही. मुलाला एकट्याने करता येईल तेवढेच काम द्यावे. घरच्यांना विचारायचे असेल तर त्यांना जे येते तेच विचारावे. एका साडीला किती सूत लागते? आजोळी कोणती पिके घेतात? शेजारच्या अक्का भाजीला कन्नडमध्ये काय म्हणतात? अशा प्रश्नांनी आईवडील अडाणी ठरत नाहीत, माहीतगार ठरतात. यशपाल समितीने सुचविलेला घरपरिसराचा शोध याहून निराळा नाही.

आपल्यापैकी कित्येकजण आज धाकट्या भावंडांचा अभ्यास घेतात. काहीजण उद्या शिक्षक होतील. फळ्यावर गृहपाठ लिहिण्यापूर्वी त्यांनी स्वतःला एवढेच विचारावे, की हे काम मूल करणार आहे की त्याचे घर?