चित्रात उतरलेले गाणे

जबलपूरच्या पूर्वेस, दिंडोरी जिल्ह्यात पाटणगढ हे गाव आहे. तेथील परधान हे गोंडांचे वंशपरंपरागत कथागायक. साजाच्या, म्हणजे आपल्या ऐनाच्या, झाडात वसणाऱ्या बडादेवाला ते ‘बाना’ वाजवून आळवीत. आश्रयदाते ओसरले, तसे हे गायनही क्षीण झाले. याच गावच्या जनगढसिंह श्याम यांनी गाण्यांतील देव, पशुपक्षी व वृक्ष रंगरेषांत आणले. भोपाळच्या भारत भवनात १९८२ मध्ये ही चित्रे रसिकांसमोर आली. त्यांत हरणाची शिंगे वाढत जाऊन झाडाच्या फांद्या होतात. पशू कोठे संपतो आणि वन कोठे सुरू होते, हे सांगता येत नाही. अंगभर बारीक ठिपके असतात. त्यांना नुसती नक्षी समजू नये. त्यांत गाण्याची लय आहे. २००१ मध्ये जनगढ यांचे जपानमध्ये अकाली निधन झाले. पाटणगढच्या अनेक घरांत आजही ‘जनगढ कलम’ जोपासली जाते.